पाच रुपये महिना

परदेशी निघालेल्या माणसाला सारा गाव एकच प्रश्न विचारतो : तिकडे मिळतात किती? तिकडे खर्च किती, हे फारसे कोणी विचारीत नाही. आणि मिळालेल्यातून कापून किती घेतात, हे विचारायचे असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. पगारपत्रक वाचणे हा माझा रोजचा उद्योग. म्हणून इतिहासाच्या निमित्ताने एक जुने पगारपत्रकच आपल्यापुढे उलगडून ठेवतो. ते आहे मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत गेलेल्या आपल्या मराठी माणसांचे.

मॉरिशसमधली गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने उठली. हे होणार याचा वास मळेवाल्यांना आधीच लागला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदराला लागले, आणि करारबद्ध मजुरीचा तो आरंभ ठरला. पुढच्या पाऊणशे वर्षांत त्या एवढ्याशा बेटावर साडेचार लाखांच्या आसपास माणसे उतरली. त्यांतली बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेली. मध्यंतरी १८३९ पासून ही वाहतूक बंद होती. १८४२ मध्ये ती पुन्हा खुली झाली, तेव्हा मुंबईची वाटही मोकळी झाली. रत्नागिरीच्या खलाटीतली आणि साताऱ्याकडची माणसे या वाटेने गेली. एकूण संख्येत त्यांचा वाटा शेकडा दहाहूनही कमी. पण हजारांनी मोजावीत इतकी ती होती.

बोली काय होती? पुरुषाला महिना पाच रुपये रोख, वर शिधा. शिधा म्हणजे रोज दोन रत्तल तांदूळ, अर्धा रत्तल डाळ, मीठ आणि थोडे तेल. वर्षाला अंगावरचे कपडे आणि कांबळे. राहायला मळ्यावरची झोपडी. मुदत आरंभी पाच वर्षांची.

आता हे पाच रुपये गावाकडून पाहा. त्या काळी घाटावरच्या काय किंवा कोकणातल्या काय, शेतमजुराच्या हातात रोख नाणे क्वचितच पडे. सुगीत पेंढ्या मिळत, एरवी पायली-अडशेरी धान्य. पेशवाई बुडाल्यावर फौजा मोडल्या, तलवारीवर पोट भरणारे घरी बसले, सरकारचा सारा मात्र नाण्यातच मागितला जाऊ लागला. अशा घरात पाच रुपये दरमहा, पाच वर्षे, तेही सरकारी कागदावर लिहून! बोटे मोजून माणूस तीनशे रुपयांवर येई आणि सावकाराचे देणे, बहिणीचे लग्न, बैलजोडी असे सगळे त्यात बसवी. त्याला भोळा म्हणण्याचे कारण नाही. हिशेब बरोबर होता. फक्त तो एका गावचा पगार आणि दुसऱ्या गावचा खर्च अशा दोन निराळ्या पाट्यांवर मांडलेला होता.

गावात न्हाव्याला पैसे द्यावे लागत नव्हते, सुताराला नाही, चांभाराला नाही. खळ्यावर बलुते घातले की वर्ष निघे. सरपण रानातले, भाजी बांधावरची, ताक शेजारणीचे. ही सगळी मिळकतच होती, पण ती कोणी रुपयांत धरीत नसे. बेटावर पाऊल ठेवताच यातले प्रत्येक कलम विकत झाले. मळ्यांवर ऊस आणि फक्त ऊस. खाण्याचा तांदूळसुद्धा आपल्याच देशातून जहाजाने येई आणि त्याचे भाडे तांदळाच्या किमतीत चढे. जोंधळा-बाजरीचे नाव नाही. खलाटीतल्या माणसाला भात ओळखीचा होता. घाटावरच्याला मात्र भाकरीवाचून पाच वर्षे काढायची होती. तंबाखू, मासळी, मिरची, धडुते हे सारे मळ्याच्या दुकानावर उधार. आरंभीच्या वर्षांत बायका फारच थोड्या गेल्या. त्यामुळे दिवसभर कोयता चालवून आलेला पुरुषच रात्री चूल फुंकी. रविवारची सुट्टी म्हणावी, तर सकाळी मळ्याची झाडलोट आणि गुरांचा चारा, तेही फुकट.

एवढ्यावर भागले असते तरी माणूस काही शिल्लक टाकता. खरी मेख पुढे होती. मळ्यांवर तिला 'दुहेरी काप' म्हणत. एक दिवस कामावर आला नाही, तर त्या दिवसाची मजुरी गेलीच. शिवाय आणखी एका दिवसाची कापायची. पाच रुपयांचे ऐंशी आणे. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरले तर रोज पडला तीन आण्यांहून थोडा जास्त. पाच खाडे झाले की दहा दिवस गेले, आणि हातात राहिले तीन रुपयांच्या वर काही आणे. आजाराचा खाडा कोणता आणि चुकारपणाचा कोणता, हे ठरवणारा माणूस मळ्याचाच. १८६०च्या दशकात तिथे हिवतापाची मोठी साथ आली आणि १८६७ या एका सालात हजारो माणसे दगावली. तिथे खाड्यावाचून महिना कोणाचा जाणार होता? त्यातून जे उरे तेही महिन्याच्या महिन्याला मिळे असे नाही. पगार कित्येक महिने थकवलेले असत, आणि थकलेला मजूर मळा सोडून जात नाही हे मालकाला चांगले ठाऊक होते. परतीचे फुकट भाडे होते, तेही १८५०च्या दशकात उठवले. म्हणजे जाण्याचा हिशेब गावात झाला, पण येण्याचा हिशेब त्यानंतर बदलला.

दुहेरी काप म्हटल्यावर आपल्याकडच्या ऐकणाऱ्याने चमकून पाहायला हवे. दिवाळी झाली की बीडकडून आपल्या जिल्ह्यात टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून घेतलेली उचल, फडाशेजारच्या पालात मुक्काम. खाडा झाला तर एका दिवसाच्या मजुरीहून जास्त रक्कम उचलीवर चढवण्याची रीत पुष्कळ टोळ्यांत आहे. ती समुद्रापलीकडून आली असे मी म्हणत नाही. ऊस तोच, कोयता तोच. मालकाची अक्कलही दोन्ही ठिकाणी एकाच वाटेने गेली, एवढेच.

करार संपलेल्या माणसालाही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने त्याला स्वतःच्या छायाचित्राचे तिकीट अंगावर बाळगावे लागे आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाताना पोलिसांचा परवाना लागे. तिकीट हरवले तर नवे काढायला महिन्याच्या पगाराहून जास्त खर्च. घरखर्चाचा तक्ता करणाऱ्याने हे कलम कुठे लिहायचे? याविरुद्ध १८७१ साली एक अर्ज गेला. आडॉल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या मळेवाल्याने तो लिहिला आणि खाली ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या-निशाण्या होत्या. संघटना नाही, कचेरी नाही, बहुतेकांना अक्षर नाही. मळ्यामळ्यांतून एवढी माणसे गोळा करणे म्हणजे काय, हे ज्याने दारोदार वर्गणी गोळा केली आहे त्याला समजेल. द प्लेव्हित्झला भर रस्त्यात मार खावा लागला. पण १८७२ मध्ये चौकशी आयोग बसला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला आणि थकलेले पगार, खोटे खाडे सारे कागदावर आले. पुढे १९०१ मध्ये गांधीजी बेटावर उतरून गेले, १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तिथे जाऊन मजुरांचे खटले चालवू लागले. दुहेरी काप उठायला १९०९ साल उजाडावे लागले, आणि १९१० मध्ये भरतीच थांबली.

दुसरी बाजू सांगितली नाही तर पगारपत्रक अपुरे राहील. पुष्कळ जण परतले नाहीत, आणि ते केवळ अडकले म्हणून नव्हे. १८८० नंतर साखरेचा भाव पडला, तेव्हा मोठे मळे तुकड्यांनी विकायला निघाले. ज्यांनी पै-पै जोडली होती त्यांनी ते तुकडे घेतले. गावी ज्याला बांधावरही उभे राहता येत नव्हते, तो तिथे जमिनीचा धनी झाला. हिंदी रुपया तर बेटावर इतका पसरला होता की १८७६ मध्ये सरकारने तोच तिथले चलन ठरवला. आजही मॉरिशसचे नाणे रुपयाच आहे. तिथल्या शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आणि एक गंमत : आपली शाहूपुरीची गुळाची पेठ १८९५ साली वसली, त्याच सुमारास मॉरिशसची साखर मुंबई बंदरात पोत्यांनी उतरत होती. इकडच्या माणसाने तिकडे तोडलेला ऊस इकडच्या गुळाशी भाव करीत होता.

मुंबईची ती वाट तोवर बरीचशी आटली होती. माझी समजूत अशी की १८५०च्या दशकात मुंबईत गिरण्या निघू लागल्या, हे त्याचे मोठे कारण. तिथेही खाडे होते, दंड होते. पण शिमग्याला घरी जाता येत होते. ती किंमत कोणत्याही करारात लिहिलेली नसते.

आज आपल्याकडची पोरे आखातात जातात आणि पुन्हा तीच बोटमोजणी चालते : दिरहम गुणिले रुपये. १९८३ च्या कायद्याने दलालाला परवाना सक्तीचा आहे, दहावी न झालेल्याच्या पारपत्रावर सरकारी तपासणीची अट आहे. एवढे संरक्षण १८४२ च्या माणसाला नव्हते. कतारने मार्च २०२१ पासून किमान वेतन ठरवले, त्याची मांडणी वाचताना मला 'अ‍ॅटलास' जहाजाचीच आठवण झाली : महिना १,००० रियाल रोख, मालकाने राहायला जागा दिली नाही तर वर ५००, जेवण दिले नाही तर ३००. रोख आणि शिधा, जुनीच जोडी. हजार रियालांचे रुपये किती, हे कोणताही दलाल तोंडपाठ सांगेल. तीनशे रियालांत महिनाभर दोन वेळा काय शिजते, खोलीत किती जण झोपतात, आजारी पडल्यावर पगाराचे काय होते आणि सुट्टीच्या भाड्याचे पैसे कोण देतो, हे मात्र तिकडे राहून आलेल्यालाच विचारावे लागते. असा एखादा माणूस आता जवळपास प्रत्येक गल्लीत आहे, आणि जाण्याआधी त्याच्याकडे चहाला बसायला एकही रुपया पडत नाही.