पॅरिस, 4 फेब्रुवारी 1912: शिंप्याची उडी

जुलै 1910

फ्रान्झ रायशेल्ट मूळचा बोहेमियाचा. ऐन तारुण्यात पॅरिसला आला, शिवणकामात जम बसवला, 1909 मध्ये फ्रेंच नागरिक झाला. त्या काळी विमान बिघडलं की वैमानिक विमानासकट खाली येई. फुग्यातून पॅराशूटनं उतरणं पॅरिसला नवं नव्हतं. गार्नरँनं ते 1797 मध्येच करून दाखवलं होतं. पण फुग्याखाली टांगलेली ती अवजड छत्री विमानात ठेवायची कुठे? रायशेल्टनं ठरवलं, ती वैमानिकाच्या कपड्यांतच शिवायची. या कल्पनेला मी वेडेपणा म्हणणार नाही. कापडाचा घेर, घडी, शिवण यांतलं त्याच्याइतकं कळणारी माणसं विमानं बांधणाऱ्यांत फार नसतील.

1911

घडीच्या रेशमी पंखांचे पुतळे त्यानं आपल्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून चौकात सोडले. ते अलगद उतरले. तेच पंख अंगात घालायच्या पोशाखात बसवले आणि पुतळे दाणकन आदळू लागले. पहिला पोशाख जवळजवळ 70 किलोंचा. तो तज्ज्ञांनी नाकारला, तरी घरी काम चालूच. त्यातच वैमानिकांसाठी सुरक्षित पॅराशूट करणाऱ्याला 10,000 फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं. अट होती, वजन 25 किलोंच्या आत. रायशेल्टनं कापड वाढवत नेलं आणि वजन उतरवत नेलं. अखेरच्या पोशाखात सुमारे 30 चौरस मीटर कापड होतं आणि वजन जेमतेम 9 किलो. हे कौशल्य अस्सल होतं.

त्यानं स्वतः आठ-दहा मीटरवरून उडी मारून पाहिली. पॅराशूट उघडलंच नाही, खालच्या पेंढ्यानं वाचवलं. प्रत्येक अपयशावर त्याचं उत्तर ठरलेलं: उंची कमी पडली. मला सगळ्यात जास्त टोचतं ते इथंच, कारण ते उत्तर अर्धं खरं होतं. छत्रीत हवा भरायला उंची लागतेच. पण अंगालाच शिवलेलं कापड पडताना शरीरापासून सुटून वर जाणार कसं, हा दुसरा प्रश्न त्या अर्ध्या सत्याखाली दडपला गेला.

4 फेब्रुवारी, सकाळी 7

रविवार. पारा शून्याखाली, आयफेल टॉवरजवळच्या शाँ द मार्स मैदानावर बोचरा वारा. पोलिसांची परवानगी टॉवरवरून पुतळा टाकण्यापुरती होती. रायशेल्ट दोन मित्रांसह मोटारीतून उतरला तो पोशाख चढवूनच. पुतळा नाही, आपण स्वतः उडी मारणार, असं त्यानं तिथं सांगितलं. बातमीदार जमले होते, चित्रीकरणाचे कॅमेरेही होते. कॅमेऱ्यासमोर तो सावकाश वळून पोशाख सगळ्या बाजूंनी दाखवतो. ती फिल्म आजही पाहायला मिळते.

7 ते 8

मित्रांनी विनवलं, पहिल्यांदा पुतळाच टाक. सुरक्षेचा दोर बांधायलाही तो तयार होईना. प्रयोग कसलीही लबाडी न करता व्हायला हवा, हा त्याचा हट्ट. स्वतः पॅराशूटचे प्रयोग करणारे एर्व्हियू तिथं हजर होते. एवढ्या थोड्या सेकंदांत हे कापड पुरतं उघडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणखीही आक्षेप घेतले. रायशेल्टकडे त्यांना धड उत्तर नव्हतं. आपलं 72 किलो वजन आणि हे पॅराशूटच काय ते उत्तर देईल, असं म्हणून त्यानं विषय संपवला. त्या सकाळी त्याला अडवायचा अधिकार असलेल्या कुणीही तो शेवटपर्यंत वापरला नाही. पहारेकऱ्यानं हटकलं खरं, पण आठच्या सुमारास वाट मोकळी झाली.

8:20 च्या आसपास

आयफेल टॉवरचा पहिला मजला, जमिनीपासून सुमारे 57 मीटर. उपाहारगृहाच्या टेबलावर स्टूल, स्टुलावर रायशेल्ट, एक पाय कठड्यावर. त्यानं कागदाचा कपटा सोडून वारा पाहिला. मग तो थांबला, सुमारे चाळीस सेकंद.

8:22

57 मीटर मोकळेपणी पडायला साडेतीन सेकंदही लागत नाहीत, आणि खाली पोचेपर्यंत वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. कापड उघडलं नाही, त्याच्याच अंगाभोवती गुंडाळलं गेलं. गोठलेल्या जमिनीत सुमारे 15 सेंटिमीटरचा खड्डा पडला. माणसं वाकून त्याची खोली मोजतात, तेही फिल्ममध्ये आहे. ते चित्रित करायला नको होतं, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर

आपण परवानगी फक्त पुतळ्यासाठी दिली होती, असा खुलासा पोलिसांनी केला.

1 मार्चला अमेरिकेत सेंट लुईस इथं अल्बर्ट बेरीनं चालत्या विमानातून उडी मारली आणि तो सुखरूप उतरला. त्याचं पॅराशूट अंगावर शिवलेलं नव्हतं. विमानाखाली बसवलेल्या शंकूच्या आकाराच्या नळकांड्यातून ते ओढलं गेलं. आणि विमान होतं सुमारे 1,500 फुटांवर, म्हणजे आयफेलच्या पहिल्या मजल्याच्या आठपट उंचीवर.