‘गोपनीय’ हा शेरा अंतिम नव्हे

सोनई (ता. नेवासा) येथील एखाद्या नागरिकाने शासकीय कार्यालयाकडे चौकशी अहवालाची प्रत मागितली आणि ‘सदर अहवाल गोपनीय असल्याने देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले, तर तो बहुधा हिरमुसून गप्प बसतो. वास्तविक माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार असा नकार अंतिम ठरत नाही. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) अन्वये नकार देणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे, अर्जदारावर नव्हे.

पार्श्वभूमी

शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मुळे कागद दडविणे हा नियम आणि दाखविणे हा अपवाद ठरला होता. महाराष्ट्रात हे चित्र पालटण्यात नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याच्या माहिती अधिकार कायद्यास ऑगस्ट २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा पूर्णपणे अमलात आला व त्याने राज्याच्या कायद्याची जागा घेतली.

अपिलाचा मार्ग

अर्जावर ३० दिवसांत निर्णय देणे जन माहिती अधिकाऱ्यास बंधनकारक असते. नकार मिळाल्यास ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील वरिष्ठ, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. तेथेही दाद न मिळाल्यास ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील दाखल करावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अपिले आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातात.

आयोगाचे अधिकार

देशाची सुरक्षा, सुरू असलेला तपास, व्यापारी गुपिते, मंत्रिमंडळाची कागदपत्रे आदी अपवाद कलम ८ मध्ये दिले आहेत. केवळ ‘गोपनीय’ हा शिक्का त्यांत बसत नाही. कोणते पोटकलम व ते का लागू होते, हे सांगावे लागते. अपवाद लागू असला तरी प्रकटनातील लोकहित हानीपेक्षा मोठे असल्यास कलम ८(२) नुसार माहिती देता येते. कलम १० नुसार आक्षेपार्ह भाग वगळून उर्वरित कागद देता येतो. तक्रारीच्या चौकशीत आयोगाला मूळ दस्तऐवज पाहता येतो आणि तो कोणत्याही कारणास्तव आयोगापासून रोखता येत नाही, असे कलम १८(४) सांगते. विनाकारण नकार देणाऱ्या अधिकाऱ्यास प्रतिदिन २५० रुपये, कमाल २५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दोन निर्णय

१९६२ च्या चीन युद्धासंबंधीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल पत्रकार कुलदीप नय्यर यांनी मागितला होता. केंद्रीय माहिती आयोगाने तो स्वतः तपासला व मार्च २००९ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव नकार कायम ठेवला. याउलट भगतसिंग प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट केले, की तपास सुरू आहे एवढेच कारण पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल, हे दाखवावे लागेल.

मर्यादा

दुसरे अपील किती दिवसांत निकाली काढावे, याची मुदत कायद्यात नाही. त्यामुळे विलंब हाच अनेकदा नकार ठरतो. आयोगाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. वैयक्तिक माहितीसंबंधीचे कलम ८(१)(ञ) डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने बदलले असून हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. त्या कलमातील लोकहिताची तरतूद त्यामुळे गेली. कलम ८(२) मात्र कायम आहे.

म्हणूनच दुसऱ्या अपिलात तीन गोष्टी लेखी मागाव्यात: आयोगाने मूळ कागद स्वतः पाहावा, लोकहिताचा विचार करावा आणि संपूर्ण कागद देणे शक्य नसल्यास देण्याजोगा भाग तरी द्यावा.