हिवाळ्याची दोन मडकी

ठाण्याहून नाशिकच्या वाटेला लागले की माजिवडा, खारेगाव, मानकोली, रांजणोली अशी नावे एकेक करून मागे पडतात आणि भिवंडी शहराला वळसा घालून रस्ता वडप्याला येतो. आज या गावाचे नाव बहुतेकांच्या कानी पडते ते रस्त्यांच्या बातम्यांतून. नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग येथून जवळच, आमणे येथे येऊन थांबतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. महामार्गाच्या दुतर्फा गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. देशभरात वाटला जाणारा माल येथे उतरतो, येथूनच पुन्हा चढतो. साऱ्या जगाचे खाद्यपदार्थ खोक्यांत बंद होऊन ज्या गावावरून जातात, त्या गावाचे स्वतःचे अन्न कोणते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

त्याचे उत्तर हिवाळ्यात मिळते. गोदामांच्या मागे अजून भातखाचरे शिल्लक आहेत. शेजारच्या वाडा तालुक्यातील ज्या कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचाच हा मुलूख. दिवाळीच्या आसपास भात कापून झाले की जमिनीत उरलेल्या ओलीवर शेतकरी वाल पेरतो. त्याला वेगळे पाणी लागत नाही. पावसाने मागे ठेवलेली ओल आणि रात्रीचे दव एवढ्यावर तो वाढतो. नाताळ उलटून पौष लागला की शेंगा भरतात आणि संध्याकाळी शेताच्या बांधावर जाळ दिसू लागतो. तो पोपटीचा जाळ होय.

पोपटीला भांडे एकच, मातीचे मडके. तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये रताळी, बटाटे, अंडी, ऐपत असेल तर मसाला चोळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा आणि शेवटी तोंडाशी दाबून बसविलेला पाला. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडके जमिनीवर पालथे ठेवायचे आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायच्या. शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर सारे शिजते आणि पाल्याचा उग्र वास अन्नात मुरतो. रायगडात आणि ठाण्याच्या आगरी गावांत हिला पोपटी म्हणतात. पालघरकडे केळवे-माहीमच्या वाडवळांची उकडहंडी हिची बहीण; आणखी वर, वलसाडच्या रस्त्यावर विकले जाणारे उंबाडियू हिचीच मावसबहीण. जात बदलते, बोली बदलते, कंद आणि मसाले बदलतात; मडके आणि थंडी मात्र तीच.

हिवाळ्याचे हे झाले पहिले मडके. दुसरे झाडावर टांगलेले असे.

ताड, माड आणि शिंदी ही उत्तर कोकणातील रस देणारी तीन झाडे. माडाची पोय छेदून, शिंदीच्या खोडाला खाच पाडून खाली मडके बांधायचे आणि रात्रभर थेंब थेंब झिरपलेला रस पहाटे उतरवायचा, हे भंडाऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. पहाटेचा रस गोड, ती नीरा. ऊन चढू लागले की हवेतील आणि मडक्यातील सूक्ष्म जीव तिला आंबवू लागतात आणि दुपारपर्यंत तिची ताडी होते. आणखी काही दिवस राहू दिली तर त्याच रसाचा सिरका होतो. शिंदीचा हंगाम थंडीचा. गारव्यात आंबण्याची गती मंदावते, म्हणून हिवाळ्याची नीरा अधिक वेळ गोड राहते. जुन्या लोकांना याचे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण वेळापत्रक अचूक ठाऊक होते.

ही विद्या किती जुनी? गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. माडाविषयी लिहिताना त्याने ताज्या रसाला ‘सूर’ हा येथलाच शब्द वापरला आहे. त्या रसापासून दारू गाळतात, हेही त्याने नोंदविले आहे. गोव्यात माडाच्या रसाला अजून सूर म्हणतात. पोर्तुगीज आले तेव्हा हे मडके झाडावर होतेच. त्यांनी ते खाली उतरवून भटारखान्यात नेले.

आपल्या नाताळाच्या ताटाची मुळे शोधायची तर ती येथे सापडतात. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा. पण तो पाव फुगविणारे आंबवण ताडीचे होते. बाजारात यीस्टची पाकिटे येण्यापूर्वी गोव्यात आणि मुंबईच्या परिसरात गव्हाचे पीठ ताडीनेच फुगविले जाई. लग्नात आणि सणाला ईस्ट इंडियन घरांतून तळले जाणारे फुगे जुन्या रीतीने ताडीवरच आंबत. इंदेलाला आंबटपणा देणारा सिरकाही त्याच रसाचा. वसईची सुकेळी, घरोघरीच्या नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल यांच्या शेजारी ताटात बसणारा निम्मा स्वाद अशा रीतीने भंडाऱ्याच्या मडक्यातून आलेला होता. पेला न उचलणाऱ्या आजीच्या हातच्या फुग्यांतही ताडी होती, हे आपण विसरतो.

हे मडके धर्माच्या सीमा ओलांडून चाले. वसई आणि भिवंडी यांच्यामध्ये इतिहासाने मोठी दरी पाडली होती. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्या मोहिमेत पुढाकार घेणारे गंगाजी नाईक भिवंडी तालुक्यातील अंजूरचे. पोर्तुगीज राजवटीतील धार्मिक जुलूम हे त्यांच्या तळमळीचे कारण होते, हे आपण ख्रिस्ती म्हणून प्रांजळपणे मान्य करावयास हवे. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचे देऊळ बांधविले, तेही याच तालुक्यात. झेंडे उतरले, झेंडे चढले. परंतु झाडावर चढणारा भंडारी आणि बांधावर शेंगा भाजणारा शेतकरी दोन्ही राजवटींत तोच राहिला.

आता जरा दूर जाऊन येऊ. युरोपात थंड प्रदेशांतील खेड्यांचे हिवाळ्याचे पेय म्हणजे बियर. द्राक्षे पिकत नाहीत तेथे सातूचे आंबवण, हा निसर्गाचाच नियम. नवव्या शतकात आखलेल्या सेंट गॉलच्या सुप्रसिद्ध मठ-आराखड्यात भटारखान्यांशेजारी बियर गाळण्याच्या जागा दाखविल्या आहेत. पाव आणि पेय यांचे आंबवण तेथेही शेजारीशेजारीच होते. अकराव्या शतकातील संत आर्नोल्ड बेल्जियममध्ये बियर करणाऱ्यांचे आश्रयदाते मानले जातात. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या सरदारांनी बियरविषयी एक कायदा केला. त्यात सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही वापरू नये असे बजावले होते. दर ठरविताना वर्षाचे भाग पाडले तेही संतांच्या सणांनी: संत मिखाएलच्या सणापासून संत जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे सबंध हिवाळाभर, एका मापाला एक फेनिग, आणि उन्हाळ्यात फार तर दोन. गरिबाला थंडीत स्वस्त आणि निर्भेळ पेय मिळावे, एवढी काळजी त्या कायद्याने वाहिली.

आपल्याकडेही कायदा झाला. पण त्याची दिशा उलटी होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने रस काढण्याचा आणि दारू गाळण्याचा अधिकार सरकारने आपल्या मुठीत घेतला. रसासाठी झाड छेदायचे तर परवाना, झाडागणिक कर, आणि घरी भट्टी लावली तर गुन्हा. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मक्तेदाराचे दुकान आले. उरणच्या मोठ्या भट्ट्यांत गाळलेली मोहाची दारू त्या दुकानांतून विकली जाऊ लागली. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाफुलांविषयी वेगळा कायदा झाला आणि ती फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध आले. मोहाचे फूल आदिवासींचे नुसते पेय नव्हते, ते वाळवून ठेवलेले अन्नही होते. बव्हेरियाच्या कायद्याने मडक्यात काय घालावे ते ठरविले. मुंबईच्या कायद्याने मडके कोणाच्या हाती असावे ते ठरविले. हिवाळ्याची एक घरगुती वस्तू सरकारी उत्पन्नाची बाब बनली आणि पिणारा मक्तेदाराच्या वहीत कर्जदार बनला.

या अन्यायाला उत्तर आले ते विलक्षण होते. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये एका देवीची वार्ता पसरली. देवी अंगात येऊन सांगे: दारू आणि ताडी सोडा, स्वच्छ राहा. ही लाट पाहता पाहता दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पोहोचली आणि हजारो लोकांनी मडकी फोडली. ज्या पेयातून आपली पिळवणूक होते ते आपणच सोडायचे, असा त्या निर्धाराचा अर्थ होता. १९३० च्या सत्याग्रहात गुजरातमध्ये शिंदीची झाडे तोडली गेली. पुढे १ ऑगस्ट १९३९ रोजी डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने मुंबईत दारूबंदी जाहीर झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून सबंध राज्य कोरडे झाले.

त्या कायद्याने मिस्साबलिदानासाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला मुभा ठेवली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना चांगले आठवत असे. वेदीवरचा पेला वाचला. भंडाऱ्याचे मडके मात्र वाचले नाही. ताडीबरोबर घरगुती आंबवण आणि सिरकाही संशयाच्या सावलीत आले. बंदी पुढे सैल होत गेली: ताडीच्या दुकानांच्या परवान्यांचे नियम १९६८ साली, देशी दारूचे १९७३ साली झाले. पण तोवर शहरांच्या कडेला चोरट्या दारूने मूळ धरले होते. तिचे भयंकर रूप जून २०१५ मध्ये मालवणीत दिसले. विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती सारी कष्टकरी, गरीब माणसे होती. मोहाफुलांवरील निर्बंध राज्य शासनाने २०२१ साली सैल केले. १८९२ पासून मोजले तर एकशे एकोणतीस वर्षांनी.

हे लिहिताना मनात एक शंका आहे, आणि ती वाचकांपासून लपविणे योग्य नाही. ताडीच्या मडक्याचे गुणगान करणारा लेख ख्रिस्ती कुटुंबांनी वाचावा काय? आपल्या धर्मग्रामांत अशी घरे आहेत जिथे नाताळची रात्र आईने दाराकडे डोळे लावून काढलेली असते. व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या घराला ‘परंपरा’ या शब्दाने दिलासा मिळत नाही. १९२२ साली मडकी फोडणाऱ्या त्या कोळणींचे आणि आदिवासी बायांचे म्हणणे आजही खरे आहे. तथापि इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. मडके गावाच्या मालकीचे होते तेव्हा त्याला ऋतूची, सणाची, वडीलधाऱ्यांच्या नजरेची मर्यादा होती. नीरा उन्हे चढेपर्यंतच टिके, ताडी दिवसभरच चांगली राहे. साठवून ठेवता येईल असे त्यात काही नव्हते. दुकानातली बाटली बारा महिने उघडी असते आणि तिला कोणत्याही सणाची वाट पाहावी लागत नाही. काना गावच्या लग्नातील त्या सहा दगडी रांजणांची आठवण आपण अनेकदा काढतो. ते रांजण पाहुण्यांनी भरलेल्या एका घरात होते, दुकानात नव्हते.

सणांची ही मर्यादा आपल्या भागात अजून पूर्ण पुसली गेलेली नाही. नवीन भाताच्या लोंब्या देवळात आशीर्वादित करून ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरात आगेरा साजरा करतो. मग नाताळ, पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे म्हसोबाची यात्रा आणि तिचा मोठा बैलबाजार, आणि फेब्रुवारीच्या आरंभी वसईच्या मातीत जन्मलेल्या, नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर प्राण दिलेल्या संत गोन्सालो गार्सियांचा सण. कापणीपासून माघापर्यंत पसरलेली ही एकच साखळी आहे. तिच्या कड्या वेगवेगळ्या देवळांत असल्या तरी तांदूळ, वाल आणि रस एकाच भूमीचे.

गेल्या हिवाळ्यात वडप्याच्या पुढे, गोदामाच्या भिंतीला लागून असलेल्या एका खाचरात पोपटी लागलेली पाहिली. पलीकडे कंटेनरांची रांग, अलीकडे पालथे मडके आणि भोवती बसलेली पाच-सहा माणसे. त्यांनी हाक मारून बसवून घेतले. जवळ बाटली नव्हती, पण एका पिंपात बर्फात ठेवलेली नीरा होती. शेंगा सोलताना एक म्हातारबा म्हणाले, “जागा विकली गेलीय. पुढल्या साली इथं वाल न्हाई.” हे बोलताना त्यांनी मडक्यातले शेवटचे अंडे माझ्या हातावर ठेवले.

खाचर गेले की वाल जातो, आणि वाल गेला की मडके शोभेचे होते. कायद्याने एक मडके गेले ते आपल्या पूर्वजांना थांबविता आले नाही. दुसरे आपल्या डोळ्यांदेखत जात आहे. यंदाच्या नाताळात निदान एक दिवस पीठ जुन्या रीतीने आंबवावे, शेंगा बाजारातून न आणता शेजारच्या शेतकऱ्याकडून घ्याव्यात, आणि हे कसे करायचे ते मुलांना हाताने शिकवावे. आंबवण जिवंत ठेवायचे तर त्याचा थोडा भाग रोज नव्या पिठात मिसळावा लागतो, हे आपल्या आयांना कोणी सांगावे लागले नव्हते.