गरजांची यादी आणि चवदार तळे

मानवकेंद्री डिझाइन आज विद्यापीठांतून पाच पायऱ्यांत शिकवतात: माणूस समजून घ्या, प्रश्न नेमका करा, कल्पना काढा, नमुना बनवा, तो वापरून पाहा. हा साचा स्टॅनफर्डच्या डी-स्कूलमुळे जगभर गेला, त्यामुळे त्याचा उगमही तिथलाच, असा समज रूढ आहे. पण भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकन डिझाइनर दांपत्य चार्ल्स आणि रे ईम्स इथे फिरले आणि 1958 मध्ये त्यांनी अहवाल दिला, त्यात साध्या लोट्याबद्दल प्रश्नांची एक रांगच आहे. पाणी किती मावावं? तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर? रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहतो? लोटा एकाने घडवला नाही, तो पिढ्यांनी घडवला, हेही त्यांनी नोंदवलं. विद्यार्थ्याला पिढ्या मिळत नाहीत, सत्रं मिळतात. म्हणून पिढ्यांच्या अनुभवाऐवजी प्रश्नांची यादी आली. या अहवालातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मुंबईत पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र 1969 मध्ये आलं. त्याचे संस्थापक सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकलेले होते.

यादीची खरी परीक्षा मात्र गुजरातेतल्या एका खेड्यावर झाली. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी 1964 च्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या पुस्तकात सुमारे सहाशे वस्तीच्या खेड्याच्या 141 गरजा मांडल्या आणि गणिताने त्यांचे गट पाडले. यादीतली पहिलीच नोंद हरिजनांना अपवित्र मानण्याची आहे. संविधानाने अस्पृश्यता रद्द करून तेव्हा चौदा वर्षं झाली होती! अलेक्झांडर यांनी प्रथेचं समर्थन केलं नव्हतं, दिसलं ते टिपलं, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. अडचण नेमकी तिथेच आहे. टिपलेली गोष्ट एकदा ‘गरज’ या सदरात गेली की ती खोडावी का, हे विचारायला त्या पद्धतीत जागा नव्हती. 1927 साली महाडला कुणी याच निष्ठेने गरजा टिपल्या असत्या, तर सवर्णांचं सोवळं ही एक गरज ठरली असती आणि दलितांचं पाणी ही दुसरी. दोन्ही भागवणारा निर्दोष आराखडा म्हणजे दोन पाणवठे. त्या वर्षी तिथल्या चवदार तळ्यावर सत्याग्रहात दलितांनी त्याच तळ्याचं पाणी घेतलं, ते या आराखड्याला नकार देणारं होतं.

पायऱ्याच नकोत, असा याचा अर्थ होत नाही. पद्धत नसेल तर शिकणारा टेबल सोडणारच नाही आणि स्वतःच्या आवडीलाच जनतेची गरज समजेल, हा आक्षेप मला मान्य आहे. अभियंत्यांना वस्तीत पाठवलं याचं श्रेय पायऱ्यांना द्यावंच लागेल. पण अलेक्झांडर यांनीच त्या पुस्तकाच्या 1971 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, प्रत्यक्ष कामापासून तोडलेल्या पद्धतीच्या अभ्यासाला स्पष्ट विरोध केला. उल्मला शिकवून पुढे बर्कलीत गेलेल्या डिझाइन-विचारवंत हॉर्स्ट रिटल यांनी मेल्विन वेबर यांच्यासह 1973 मध्ये दाखवलं, की सामाजिक प्रश्न कसा मांडला यातच त्याचं उत्तर दडलेलं असतं. मग ‘प्रश्न नेमका करा’ ही दुसरी पायरी तांत्रिक उरत नाही. तिथे वर्गात जातीचा, कायद्याचा आणि अर्थकारणाचा अभ्यासक लागेल, आणि पाच पायऱ्या एका सत्रात बसणार नाहीत.