खानदेशातील शाळकरी मुलांची मोजमापे

शाळकरी मुलांची उंची, वजन आणि रक्तदाब आज आरोग्य तपासणीच्या एकाच कागदावर लिहिले जातात, पण शाळेत ते एकदम आलेले नाहीत. उंची-वजन शंभरावर वर्षांपूर्वी आले. रक्तदाब बराच मागून आला, आणि त्याला उशीर का झाला हाच या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे.

खानदेशातले एक उदाहरण म्हणून दोंडाईचा घेऊ. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यातले हे नगरपालिकेचे गाव. तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ते गुजरातशी जोडले गेले. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा दोंडाईचा पश्चिमेकडे गेले. हा मुलूख इंग्रजी अमलाखाली होता, पण याच रेल्वेवरची व्यारा आणि सोनगढ ही ठाणी बडोदा संस्थानात होती. शाळकरी मुलांना तपासण्याची भारतातली पहिली ज्ञात सुरुवात झाली ती याच संस्थानात, १९०९ मध्ये, बडोदे शहरात.

त्यामागे सक्तीचे शिक्षण होते. मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत आणण्याची जबाबदारी सरकारने घेतली, की ते मूल शिकण्याइतके धडधाकट आहे का, हा प्रश्न सरकारच्याच दारात येतो. इंग्लंडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. बोअर युद्धाच्या भरतीला आलेले तरुण मोठ्या संख्येने शरीराने अपात्र ठरले, त्यावर चौकशी समिती बसली आणि १९०७ च्या कायद्याने शाळांमध्ये वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. तिथे काळजी सैन्याची होती, बडोद्यात शिक्षणाची. बडोद्याचे कारण अधिक मोलाचे मानावे लागते.

इंग्रजी हद्दीतल्या खानदेशाला मात्र अशी व्यवस्था मिळाली नाही. शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ अस्तित्वातच नाही, असे देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये नोंदवले. महाराष्ट्रात शरीरे मोजली जात होती, पण ती दुसऱ्याच हेतूने. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची मापे घेतली. त्या मापांतून समाजगटांचे परस्परसंबंध शोधायचे होते, एखाद्या मुलाची वाढ खुंटली आहे का हे नव्हे. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. याच सुमारास मापेही बदलत होती. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने लागू होऊ लागली. बाजारातले मण-शेर आणि दवाखान्यातले पौंड मागे पडून मुलाचे वजन किलोत आणि उंची सेंटिमीटरमध्ये लिहिली जाऊ लागली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचे रकाने रुजले, आणि वर्गशिक्षकांनी ते भरायचे हा अनेक पिढ्यांचा शिरस्ता झाला.

आकडा लिहिला तरी तो कशाशी ताडून पाहायचा, ही अडचण उरलीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५६ ते १९६५ या काळात देशभर मुलांची मापे घेतली आणि ती १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातली बहुतेक मुले गरीब घरांतली होती. त्यामुळे ती मापे त्या काळातल्या मुलांचे चित्र दाखवत होती, निरोगी वाढीची कसोटी म्हणून ती अपुरी होती. अर्धपोटी मुलांच्या सरासरीशी तुलना केली, की अर्धपोटी मूल ठीकच दिसते. मग सुखवस्तू घरांतल्या मुलांवरून तक्ते बनले. पुढे त्याच घरांत लठ्ठपणा वाढला आणि उलट बाजूची चूक शिरू लागली. म्हणून पुण्याचे वामन खाडिलकर व अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा असलेले, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वर्षांसाठीचे २०१५ चे तक्ते करताना अतिवजनाच्या मुलांची मापे वगळण्यात आली.

रक्तदाबाची गोष्ट आणखी अवघड होती. इटलीत रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायच्या फुगत्या पट्ट्याचे यंत्र केले. रशियात कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये पट्ट्याखालच्या धमनीतले आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे ठरवण्याची रीत दिली. म्हणजे बडोद्यात मुले तपासली गेली तेव्हा रक्तदाब मोजण्याची विद्या जगात होती. नव्हता तो मुलांच्या मापाचा पट्टा, आणि मुलांसाठीचा तक्ता तर नव्हताच.

पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के असावी लागते. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या दंडाचा घेर १७ सेंटिमीटर धरला, तर फुगा साधारण ७ सेंटिमीटर रुंद हवा. मोठ्या माणसाचा पट्टा याच्या जवळपास दुप्पट रुंद असतो. तो चिमुकल्या दंडाला गुंडाळला की रक्तदाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि वाढलेला दाब नजरेतून सुटतो. थोराड मुलाला अपुरा पट्टा लावला, तर उलट निरोगी मूल रोगी ठरते. तक्त्यांचे काम त्याहून उशिरा झाले. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने १९७७ मध्ये पहिला अहवाल दिला, १९८७ मध्ये सत्तर हजारांवर मुलांच्या मोजमापांवरून तो सुधारला, आणि १९९६ मध्ये वय आणि लिंग यांच्या जोडीला उंचीही हिशेबात घेतली. उंच मुलाचा दाब थोडा जास्त असणे स्वाभाविक असते. इथे उंची आणि रक्तदाब ही मोजमापे एकमेकांत गुंतली. उंची नीट मोजलेली नसेल, तर रक्तदाबाचा आकडा वाचताच येत नाही. अमेरिकेतल्याच २०१७ च्या मार्गदर्शनानुसार सहा वर्षांच्या मुलाचा दाब १०५/६६ किंवा दहा वर्षांच्या मुलाचा १०८/७२ भरला, तर पुढे तपासावे लागते. १२०/८० ची सवय असलेल्या नजरेला हे आकडे अगदी निर्धोक वाटतात, म्हणून ते ठळकपणे सांगायला हवेत.

मोजण्याची पद्धत साधी असली तरी ती घाई सोसत नाही. उंचीसाठी मूल अनवाणी, टाचा जुळवून उभे राहते. टाचा, पार्श्वभाग आणि पाठ पट्टीला टेकतात, आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड व कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत येतात. रिबिनीने वर बांधलेल्या वेण्या सोडाव्या लागतात, नाहीतर उंची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जास्त भरते. रक्तदाबासाठी मुलाने पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसावे, आणि उजवा दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. व्हरांड्यात रांग लागलेली, मागे ढकलाढकली चाललेली, सुई टोचणार की काय या धास्तीने मूल घाबरलेले, अशा वेळी पहिला आकडा चढाच येतो. म्हणून एका मोजणीवरून मुलाला उच्च रक्तदाबाचे लेबल लावायचे नसते. वेगवेगळ्या दिवशी तीनदा पाहून मगच ठरवायचे असते.

खानदेशासारख्या, कुपोषणाशी झगडणाऱ्या भागात रक्तदाबाची मोजणी चैनीची वाटू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधनाने हा समज खोडून काढला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. जन्मताना वजन कमी आणि आठव्या वर्षी जास्त, अशा मुलांमध्ये हृदयविकार व मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सर्वाधिक आढळली. म्हणजे अंगणवाडीच्या तक्त्यात कमी वजनाचे म्हणून नोंदलेले बाळच पुढे वाढत्या दाबाचे मूल होऊ शकते. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुले वयाच्या मानाने कृश आढळली, आणि याच वयात ५ टक्क्यांना उच्च रक्तदाब होता.

रक्तदाब सरकारी शाळातपासणीच्या चौकटीत पक्का आला तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा जाते. शाळेसाठीच्या साहित्यात वजनकाटा, उंचीमापक आणि वयानुरूप पट्ट्यांचे रक्तदाब यंत्र येते. ९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्याने ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ मोहिमेत अठरा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची तपासणी हाती घेतली.

या व्यवस्थेतून सर्वांत सहज निसटतात ती ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले. धुळे-नंदुरबारमधील अनेक आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत कोयत्यावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. पथक त्या महिन्यांत आले, की हजेरीपटावर नाव असूनही मुलाचा रकाना कोरा राहतो. शिवाय कुपोषणाचा धोका ज्यांना अधिक, तीच ही मुले. त्यामुळे पथकाची शाळाभेट पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात झाली तर या मुलांची उंची, वजन आणि रक्तदाब नोंदवता येतात, आणि दाब चढा आढळलेल्या मुलाच्या पुढच्या दोन मोजण्या कुटुंब गाव सोडण्याआधी उरकता येतात.