रेडिएटरमधले पाणी जाते कुठे?

फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट चढू लागले, की एप्रिल-मे महिन्यांत हमखास एक दृश्य दिसे. वळणावर कडेला घेतलेली गाडी, वर उचललेले बॉनेट, खालून निघणारी वाफ आणि हातात ओले फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे संशयाने पाहणारा चालक. कोणीतरी दुरून ओरडे, “अहो, हात लावू नका, भाजाल!” आजही हे दृश्य अगदीच नाहीसे झालेले नाही. फक्त गाड्या बदलल्या आहेत.

सोयगाव तालुका या घाटाच्या पायथ्याशी आहे. जगप्रसिद्ध लेणी याच तालुक्यातली. जळगाव आम्हांला जवळचे, पण जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगर घाटाच्या वर आणि लांब. कचेरीची कामे असोत की मोठे दुखणे, घाट चढावाच लागतो. (तिथल्या सरकारी रुग्णालयालाही लोक ‘घाटी’च म्हणतात, आमच्या दृष्टीने ते नाव दुहेरी अर्थाने खरे आहे.) अशा ठिकाणी गल्लीतली एखादी जुनी चारचाकी ही एकट्या मालकाची नसते. रात्रीबेरात्री ती सगळ्या गल्लीची रुग्णवाहिका होते.

माझ्याकडे अशीच एक जुनी मारुती ८०० होती. ती आठवड्याला सुमारे अर्धा लिटर पाणी ‘पीत’ असे. जमिनीवर थेंब नाही, पाइप कोरडे. एका कारागिराने रेडिएटर बदला म्हणून सांगितले, दुसऱ्याने त्यात चमचाभर हळद टाकली. एका रात्री शेजारच्या आजींना ‘घाटी’त न्यायचे होते. घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा चढत लाल खुणेजवळ गेला आणि मग एकाएकी खाली आला. मला हायसे वाटले. दोनच मिनिटांत इंजिन बंद पडले. आजी मागून आलेल्या एका काळ्यापिवळ्या जीपमधून पुढे गेल्या आणि आठ दिवसांनी सुखरूप घरीही आल्या. पण काटा खाली का आला, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर शोधताना मोटारीच्या शीतकरणाचा इतिहासच समोर उलगडत गेला.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिच्यातली साधारण चौथा ते तिसरा हिस्साच चाके फिरवायला मिळते. जवळजवळ तितकीच ऊर्जा धुराड्यावाटे जाते आणि तितकीच इंजिनाच्या भिंतींत शिरते. ही उष्णता काढून घेतली नाही, तर वंगणाचे तेल जळते, दट्ट्या फुगून सिलिंडरमध्ये घट्ट बसतो आणि इंजिन ‘सीझ’ होते.

कार्ल बेन्झच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत यासाठी सोपी युक्ती होती. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचे आणि ते उकळून जाऊ द्यायचे. पाण्याची वाफ होताना भरपूर अप्रकट उष्णता शोषली जाते. मातीच्या माठाचे तत्त्वच जरा दांडगाईने वापरलेले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेन्झची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरहून थोडे अधिक अंतर, या गाडीने गेली. त्या प्रवासात तिला पुनःपुन्हा थांबून पाणी भरावे लागले. त्या काळी ‘पाणी गेले कुठे’ असा प्रश्न कोणी विचारलाच नसता. पाणी जाणे हा बिघाड नव्हता. ती इंजिन थंड करण्याची रीतच होती.

हा प्रश्न जन्माला आला तो पाणी बंदिस्त झाल्यावर. १९००-१९०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. हजारो बारीक नळ्या एकत्र जोडून त्याने हवेला भिडणारे पृष्ठफळ प्रचंड वाढवले आणि पूर्वीपेक्षा निम्म्या पाण्यात काम भागू लागले. आता तेच पाणी फिरत राहणार होते. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर, सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर जाते, रेडिएटरमध्ये निवते, जड होऊन खाली येते. वर्गात चंचुपात्राच्या तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून आपण अभिसरण दाखवतो, त्याच जोरावर लाखो गाड्या धावल्या. मात्र या व्यवस्थेत पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली, की अभिसरणाची साखळीच तुटे. पाणी थोडे कमी असणे आणि मुळीच नसणे यांत फारसा फरक उरत नसे.

मग पाणी किती तापले हे चालकाला कळावे कसे? १९१२ साली अमेरिकेत बॉइस याने ‘मोटोमीटर’चे पेटंट घेतले. रेडिएटरच्या झाकणावरच बसवलेला, चालकाला बसल्या जागेवरून दिसणारा हा तापमापक होता. त्यातली मेख मला फार आवडते. त्याचा फुगा पाण्यात बुडवलेला नसून पाण्यावरच्या वाफेत असे. पाणी कमी झाले तरी वाफेचे तापमान त्याला कळत राही. पुढे तापमापक गाडीच्या आत, डॅशबोर्डवर आला आणि त्याचा संवेदक पाण्याच्या वाटेत बसला. पाणी त्या संवेदकाच्या खाली गेले, तर त्याच्याभोवती उरते हवा किंवा वाफ. त्यांच्याकडून पाण्याइतकी उष्णता त्याला मिळत नाही आणि काटा खाली येतो. घाटात मला दिसले ते हेच. इंजिन भाजत होते आणि काटा ‘सर्व ठीक’ म्हणत होता. चढलेला काटा घाबरवतो, हे बरेच. विनाकारण एकदम उतरलेल्या काट्याला अधिक घाबरावे.

बंदिस्तपणाची पुढची पायरी म्हणजे दाबाचे झाकण. देनी पापँने १६७९ मध्ये दाखवलेले प्रेशर कुकरचे तत्त्व दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मोटारींच्या रेडिएटरवर आले. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. तिथे उघडे पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाच्या कमानीने दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोग्रॅम इतका जादा दाब धरून ठेवला, तर उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या आसपास जातो. गरम इंजिनाचे झाकण उघडणे घातक का, याचे उत्तर यातच आहे. ११० अंशांचे पाणी दाबाखाली शांत असते. झाकण फिरवताच दाब जातो आणि त्या पाण्याचा एक भाग क्षणात वाफ होऊन उरलेल्या पाण्याला तोंडावर फेकतो. फडके त्याला अडवू शकत नाही. वरचा रबरी पाइप हाताला सोसेल इतका निवेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा तास, थांबण्याखेरीज इलाज नाही.

१९६१ च्या रेनॉ ४ या छोट्या गाडीने मोहोरबंद पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली. तापून प्रसरण पावलेले पाणी बाजूच्या बाटलीत जाते, इंजिन निवले की निर्माण झालेल्या पोकळीमुळे परत येते. झाकणात यासाठी दोन झडपा असतात. आत ओढणारी झडप अडकली तर पाणी बाटलीत जाते पण परतत नाही. रेडिएटर रिकामा, बाटली काठोकाठ! कित्येकदा ‘पाणी खाणाऱ्या’ गाडीचा रोग एवढाच असतो आणि झाकण बदलले की बरा होतो. हळद कशाला?

तरी हळदीची थोडी बाजू घ्यायला हवी. तिचे कण पाण्याबरोबर वाहत जाऊन बारीक छिद्राशी अडकतात आणि फुगून ते बुजवतात. वाटेत घर गाठण्यापुरता हा उपाय खराच उपयोगी पडतो. पण ज्या कणांना छिद्र सापडते त्यांना रेडिएटरच्या बारीक नळ्याही सापडतात.

महाराष्ट्राच्या वाट्याला या इतिहासाचा एक मोठा तुकडा आला आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून तीच ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे हेच रूप. त्यातली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. १०८९ घनसेंटिमीटरच्या या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोघांच्या मध्ये दाबून बसवलेली हेड गॅस्केट ही ओढाताण वर्षानुवर्षे सोसते. गाडी एकदा भडकून तापली की हेड किंचित वाकते, गॅस्केटमध्ये फट पडते आणि पाण्याला सिलिंडरची वाट मिळते. जमिनीवर एकही थेंब न पडता पाणी धुराड्यावाटे वाफ होऊन निघून जाते.

फियाटच्या पिढीतले कारागीर या आतल्या गळतीचे निदान डोळ्यांनी, नाकाने आणि हाताने करत. इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरा धूर येतोय का? तेलाच्या पट्टीवर किंवा झाकणाखाली तेल दुधाळ झाले आहे का? झाकण काढून थंड गाडी सुरू केली, तर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात का? गाडी उभी असताना तापते की चढावर? उभी असताना तापत असेल तर पंख्याकडे पाहावे. चढावर किंवा वेगात तापत असेल तर तुंबलेला रेडिएटर किंवा कमी पाणी. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असते, तिथे वाळलेला पांढरट ओघळ दिसला तर पंपाचे सील गेले. गाडीच्या आत पायाशी गालिचा ओला असेल तर हीटरची नळी. ही सगळी वैद्याची नाडीपरीक्षाच म्हणायची.

आपल्याकडे रोगाचे मूळ पुष्कळदा पाण्यातच असते. दख्खनच्या बेसाल्ट खडकांतून आलेले विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर विघटित होऊन कार्बोनेटचा थर बसतो; घरातल्या बंबात बसतो तोच. तांब्याची उष्णतावाहकता या थराच्या शंभरपटींहून अधिक असते. म्हणजे तांब्याच्या नळीला आतून आपणच रजई पांघरतो. शिवाय नुसत्या पाण्यात बीड गंजते आणि इंजिनाच्या ठोकळ्यावरची पातळ पत्र्याची बुचे आतून कुरतडली जातात.

यावरचा उपाय थंड देशांतून आला. वुर्त्झ या फ्रेंच रसायनज्ञाने १८५६ मध्ये एथिलीन ग्लायकॉल बनवले. १९२० च्या दशकात ते मोटारींसाठी बाजारात आले, ते पाणी गोठून ठोकळा फुटू नये म्हणून. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे “इथे कुठे बर्फ पडतो?” असे म्हणून कित्येक वर्षे नळाचेच पाणी भरले गेले. पण कूलंटमधल्या ज्या गोष्टीची आपल्याला गरज आहे ती म्हणजे त्यातली गंजरोधक द्रव्ये. ती काही वर्षांत संपतात, म्हणून कूलंट बदलायचा असतो. ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी आहे. काढलेला कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये. कुत्री-मांजरे, आणि मुलेही, त्याला फसतात.

गळती शोधण्याची एक सुंदर रीत तर मोटारीहून जुनी आहे. १८७१ मध्ये अडोल्फ फॉन बायर याने फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग तयार केला. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी इमेंडिंगेनजवळ पात्रातच गडप होई. ते जाते कुठे? १८७७ मध्ये तिथे दहा किलो रंग ओतला गेला आणि सुमारे ६० तासांनी बारा किलोमीटरवरच्या आख झऱ्याला हिरवी चमक आली. आज कारागीर कूलंटमध्ये अशाच जातीचा रंग टाकतात आणि अतिनील दिव्याने गाडीचे अंतरंग पाहतात. नदीला लावलेली युक्ती रेडिएटरला लागू पडली.

माझ्या गाडीचे निदान मात्र शाळेच्या प्रयोगशाळेतल्या एका बाटलीने केले. ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक सामू ७.६ च्या वर निळा आणि ६ च्या खाली पिवळा असतो. सिलिंडरमधला वायू फटीतून पाण्यात येत असेल, तर त्यात कार्बन डायऑक्साइड असणारच. विज्ञानाच्या मॅडमनी मोठ्या पिचकारीला रबरी नळी जोडली. थंड गाडीचे झाकण आधीच काढून, पाणी तोंडापासून चार बोटे खाली ठेवून, इंजिन चालू केले. प्रथम नुसती बाहेरची हवा दर्शकातून सोडली. रंग निळाच राहिला. मग रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा ओढून तीच कृती केली. तिसऱ्या पिचकारीला निळा रंग हिरवट झाला आणि पाचव्याला स्वच्छ पिवळा. दहावीची मुले भोवती उभी होती. एकाने विचारले, “सर, श्वास सोडला तरी पिवळाच होईल ना?” त्याला फुंकून पाहायला सांगितले. झाला.

हेड उतरवले, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केटवर बोटभर काळी रेघ होती. हेड फेसिंगला पाठवले, नवी गॅस्केट आणि नवे झाकण बसवले, उर्ध्वपातित पाण्यातला कूलंट भरला. बाटलीवर कूलंटच्या पातळीशी मार्करने एक रेघ मारून ठेवली. दर सोमवारी सकाळी, गाडी थंड असताना, ती पाहायचे काम आजींच्या नातवाने आपणहून स्वीकारले.