रंगाखालचं नाव

आमच्याकडे एका गॅरेजमागे चिंचेखाली उंच बॉनेटची जुनी जीप कित्येक वर्षं पडून होती. मागच्या उन्हाळ्यात तिची मरामत सुरू झाली. मिस्त्रीचाचांनी स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं आणि आठवडाभर इंजिनाला हात लावला नाही. मग पुढून हँडल घालून हळूहळू फिरवलं, तेव्हा अडकलेले पिस्टन सुटले. घाई केली असती तर रिंगा तुटल्या असत्या.

पत्र्याचं काम त्याहून किचकट. रंगाखाली रंग, त्याखाली पुट्टी आणि पुट्टीखाली गंज. चाचा म्हणाले, "सर, गंजावर रंग मारला तर गाडी दिवाळीपर्यंत चमकेल, पावसाळ्यात पुन्हा सडेल."

डॅशबोर्डवरची पट्टी पुसली, तेव्हा नाव दिसलं : महिंद्रा अँड महिंद्रा. मला या पट्टीच्याही खालचं एक नाव आठवलं.

ही कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झाली. तेव्हा तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मुहम्मद. युद्धकाळात के. सी. अमेरिकेत इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख होते. तिथे विलीज जीपचे अभियंता बार्नी रूस यांच्याशी त्यांची ओळख झाली. पुढे मुंबईत माझगावला जीपची जुळणी होऊ लागली. पण त्याआधीच फाळणी झाली होती. गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. इंग्रजीतली दोन 'एम' अक्षरं मात्र तशीच राहिली.

भागीदार गेल्यावर नाव बदलणं हा व्यवहार होता, त्यात राग मानण्याचं कारण नाही. पण या देशाच्या उद्योगात तुमचा हात कुठे, असं कुणी आपल्या मुलांना विचारलं, तर हे नाव त्यांना माहीत असायला हवं.

आणि सांगायचं तर पूर्ण सांगावं. हेच गुलाम मुहम्मद १९५१ मध्ये पाकिस्तानचे गव्हर्नर-जनरल झाले आणि १९५४ मध्ये त्यांनी तिथली संविधान सभाच बरखास्त केली. त्या देशाच्या लोकशाहीला तो मोठा धक्का होता. आपलं नाव सापडलं म्हणून त्याच्यावरचा गंज झाकायचा, हेही पुट्टी भरणंच झालं.

'मरामत' हा आपल्या मराठीतला शब्द मूळ अरबी 'मरम्मत'. आणि 'मिस्त्री' आला पोर्तुगीजांकडून. शब्दांनाही कुणी परत पाठवलं नाही, ते इथलेच झाले.

जीप आता चालते. चाचांनी डॅशबोर्डवरची ती पट्टी तशीच ठेवली आहे, ओरखड्यांसकट.